बर्फ वितळायच्या आत

पाचूबंदरच्या टेम्पोवाल्याला त्याच्या गाडीबद्दल विचारा. ॲव्हरेज, हप्ता, किंमत हे सगळं तो नंतर सांगेल. पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "अजून तरी रस्त्यात उभी नाय केली." कौतुकाची याहून मोठी पावती या बंदरावर कुठल्याच गाडीला मिळत नाही, आणि 'अजून तरी' लावल्याशिवाय ती कुणी देतही नाही.

मागे हौद्यात काय भरलंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. क्रेटमध्ये बर्फ, बर्फात पापलेट, घोळ, कोळंबी. हंगाम असेल तर अंगातलं पाणी गाळत बसलेले ओले बोंबील. बाजार पहाटेचा. मुंबईच्या घाऊक बाजारातली पहिली गिऱ्हाइकं हुकली की तोच माल तासाभरात पडेल भावाने जातो. मासळी व्यापाऱ्याची, बर्फही व्यापाऱ्याचा. पण गाडी वाटेत बसली तर पुढचं भाडं दुसऱ्या टेम्पोला जातं, आणि ते नुकसान कुठल्या विम्यात बसत नाही.

वसईच्या किल्ल्याला खेटून, खाडीच्या तोंडाशी असलेली ही कोळ्यांची वस्ती. समुद्रात डोळ लावणाऱ्या बोटी, किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या वलांड्या, आणि आतल्या अरुंद रस्त्यांतून एकमेकांना वाट देत सरकणारे टेम्पो. जून आणि जुलै मासेमारी बंद, त्यामुळे गाड्यांची मोठी कामं त्याच दोन महिन्यांत निघतात. बोटी ओढून घेतलेल्या, शेजारी बॉनेट उघडे टेम्पो, आणि दोन्हींभोवती तीच माणसं. यांत्रिक बोटीचं इंजिन ज्याने खोललंय त्याला टेम्पोच्या इंजिनाची भीती वाटत नाही. निदान परवापरवापर्यंत वाटत नव्हती.

इथल्या एका मालकाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. वय पन्नाशीपुढे, तरुणपणी काकांच्या बोटीवर खलाशी, पाठीच्या दुखण्याने समुद्र सुटला आणि हातात स्टिअरिंग आलं. गाडीवर नाव देवाचं, कागदपत्रांवर बायकोचं. पहिली गाडी छोटा हत्ती, तीही जुनी घेतलेली. हा हत्ती म्हणजे टाटांचा 'एस'. तो मे 2005 मध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्या पोटात दोन सिलिंडरचं, 702 सीसीचं, जेमतेम 16 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन होतं. मोठ्या टेम्पोवाल्यांनी त्याला हसून घेतलं. पण कोळीवाड्याच्या बोळांत जिथे मोठी गाडी तोंड घालू शकत नव्हती तिथे हा हत्ती वळून परत येत होता, आणि बिघडला तर जवळपास सगळं पान्यांच्या एका पिशवीत दुरुस्त होत होतं. भरवशाची गाडी कशी असते याचं जे चित्र या मालकांच्या डोक्यात पक्कं बसलं ते तिथून: थोडी कुरकुर करणारी, पण समजणारी.

त्यानंतर आली मोठी डिझेल पिकअप. ती त्यांनी बरीच वर्षं पळवली. पाटे वाढवून घेतले, कागदावर जेवढं वजन लिहिलंय त्याला कधी मान दिला, कधी नाही. क्लच प्लेटी बदलल्या, सेल्फ दोनदा भरून घेतला, रेडिएटरला जोड लावले. तरी आजही त्या गाडीचं नाव निघालं की ते म्हणतात, "तिने कधी त्रास दिला नाय." मेस्त्री शेजारी उभा असला तर हसतो. त्याच्या वहीत त्याच गाडीची पानंच्या पानं भरलेली आहेत. पण मालक खोटं बोलत नाहीत. दुरुस्ती त्यांच्या हिशोबात त्रास नाहीच. त्रास म्हणजे काय झालंय तेच न कळणं. ज्या बिघाडाचं कारण गाडीखाली वाकून दिसतं, ज्याचा सुटा भाग वसई स्टेशनजवळच्या दुकानात मिळतो आणि जो संध्याकाळपर्यंत उरकतो, तो बिघाड त्यांच्या आठवणीत फार दिवस टिकत नाही.

म्हणूनच 1 एप्रिल 2020 ही तारीख या धंद्यात फाळणीसारखी झाली. त्या दिवसापासून नव्या गाड्यांना बीएस-6 चे निकष लागू झाले. बऱ्याच डिझेल पिकअपांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी बसली, जिला डीपीएफ म्हणतात. ही जाळी स्वतःला स्वतःच साफ करते, पण त्यासाठी तिला ताप लागतो. गाडी काही वेळ सलग वेगात पळाली की आत साचलेली काजळी जळून जाते. महामार्गावर रोज लांब पळणाऱ्याला ती आहे हेही कळत नाही. बंदरावरून झेंडाबाजार, तिथून पारनाका, मग अंबाडी रोड, पुढे स्टेशन, बर्फाच्या कारखान्यावर थांबा, परत बंदर, अशा तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्या करणाऱ्याची जाळी मात्र तापायच्या आधीच इंजिन बंद होतं. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. दिवा दुर्लक्षित राहिला की गाडी ताकद कमी करते, आणि लॅपटॉप लावल्याशिवाय मेस्त्रीला पुढे जाता येत नाही. शेजारच्या वाड्यातल्या एका गाडीचं असं झालं आणि बंदरभर झालं, "नवीन डिझेल घेऊ नका." इंजिनात काही खोट नव्हती. गाडीची बांधणी आणि तिचा रस्ता यांचं जुळलं नव्हतं, एवढंच. पण मत बनायला तेवढं पुरतं, आणि एकदा बनलेलं मत खोडायला नव्या गाडीची पाच-सहा वर्षं लागतात.

याच सुमारास दोन इंधनांच्या पिकअप इथे दिसू लागल्या. मारुतीच्या सुपर कॅरीची सीएनजीवाली गाडी पाच लिटरची पेट्रोलची टाकी अडीनडीला म्हणून घेऊन येते. सप्टेंबर 2022 मध्ये टाटांनी इंट्रा व्ही20 आणली, टनभर माल वाहणारी आणि सीएनजी-पेट्रोल दोन्हींवर चालणारी. आपल्या मालकांनी डिझेल पिकअप विकून या जातीची गाडी काढली. कारण विचारलं तर आधी पैसा सांगतात. पण त्यांनी गाडी काढली तेव्हा गॅसचा भाव काही स्वस्ताईचा राहिला नव्हता. 2021 च्या सुरुवातीला मुंबईत पन्नास रुपये किलोच्या आत असलेला सीएनजी ऑगस्ट 2022 मध्ये ऐंशीच्या पुढे गेला होता. मग दुसरं, खरं कारण बाहेर येतं: "एक संपलं तर दुसरं आहे ना."

हे वाक्य बोटीवरून आलेलं आहे. किनाऱ्यावरच्या होड्यांना इंजिनं बसू लागली तेव्हा डोलकाठी आणि शीड कुणी लगेच उतरवून ठेवलं नव्हतं. इंजिन परकं होतं, शीड घरचं होतं. इंजिनाने दगा दिला तर वाऱ्यावर घरी येता येत होतं. मालकांच्या काकांनी तो काळ पाहिलेला. काका सांगत, शीड नुसतं गुंडाळून ठेवून चालत नाही, अधूनमधून उघडावं लागतं, नाहीतर गरजेच्या वेळी उंदरांनी कुरतडलेलं निघतं.

पेट्रोलच्या टाकीचं तंतोतंत तसंच होतं, हे बंदरावरच्या दुसऱ्या एका गाडीवाल्याने सगळ्यांना शिकवलं. पेट्रोल महाग म्हणून त्याने ते कधी वापरलंच नाही. टाकीच्या तळाशी जेमतेम काही राहिलेलं, तेही महिनोन्महिने तसंच. एका पहाटे घोडबंदरच्या पुलाआधी गॅस संपला. त्याने बटण दाबून पेट्रोलवर घेतली, गाडीने दोन आचके दिले आणि गप्प झाली. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि त्याला थंड ठेवण्याचं कामही पेट्रोलच करतं. कोरड्या टाकीत तो तापून जळतो. मागे माल, पुढे पूल, आणि खिशात दोन इंधनांची गाडी असल्याचा अभिमान. टोचन लावून गाडी आणली तेव्हा मेस्त्री एवढंच म्हणाला, "शेठ, दुसरं आहे म्हणून ठेवता, पण त्याला जेवायला घालत नाही." तेव्हापासून आपले मालक पाव टाकी पेट्रोल कायम ठेवतात आणि आठवड्यातून एखादी फेरी मुद्दाम पेट्रोलवर मारतात. घरातून त्या पेट्रोलच्या बिलावर बोलणी बसतात, ती ते मुकाट ऐकून घेतात.

या शिस्तीचा उपयोग नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. चेंबूरच्या बाजूला आरसीएफ खतकारखान्याच्या आवारात गेल कंपनीच्या मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या सीएनजी पंपांचा दाब कोसळला. रिक्षा-टॅक्सींच्या रांगा पंपांना वेढे घालून उभ्या राहिल्या. मुंबईत माल उतरवून रिकाम्या सिलिंडरने अडकलेल्यांत पाचूबंदरच्याही गाड्या होत्या. ज्यांच्या टाकीत पेट्रोल होतं ते घरी आले. पेट्रोलवर किलोमीटरमागे किती जादा गेले याचा हिशोब त्या दिवशी कुणीच केला नाही.

आता मुद्दा हायब्रिडचा. मालकांचा भाचा विमानतळाच्या भाड्यांवर इनोव्हा हायक्रॉस चालवतो, इंजिन अधिक बॅटरीवाली. गाडी कंपनीची, ड्युटी त्याची. रविवारी तो मामाकडे आला की जेवणानंतर हाच विषय निघतो. भाच्याचं मत एकदम चांगलं: अंधेरीच्या गर्दीत इंजिन बंदच असतं, क्लच नाही, ब्रेक पॅड झिजायचं नाव घेत नाहीत. मामाचं मत तेवढंच ठाम: "दोन-दोन यंत्रं म्हणजे दोन-दोन बिघाड."

मामाचं गणित कागदावर बरोबर दिसतं, पण टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडला ते लागू पडत नाही. त्यात यंत्रं वाढतात तसे काही भाग गायबही होतात. वेगळा सेल्फ नसतो, अल्टरनेटर नसतो, क्लच प्लेट नसते. गाडीचा वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरते, त्यामुळे ब्रेकवर भार कमी. मामांच्या जुन्या डिझेल पिकअपच्या वहीतल्या नोंदी काढल्या तर बऱ्याचशा याच भागांच्या निघतील. अमेरिकेत 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही संस्था दरवर्षी गाडीमालकांनाच त्यांच्या तक्रारी विचारते. 2023 च्या तिच्या पाहणीत साध्या पेट्रोल गाड्यांपेक्षा हायब्रिड गाड्यांच्या तक्रारी सरासरी 26 टक्के कमी निघाल्या. घरी प्लग लावून चार्ज करायच्या हायब्रिडच्या मात्र 146 टक्के जास्त. दोन्हींना लोक हायब्रिडच म्हणतात, आणि एकीचं पाप दुसरीच्या माथी बसतं.

भाच्याच्या एका सहकाऱ्याची हायब्रिड एकदा सकाळी उठलीच नाही. कंपनीच्या आवारात चर्चा पसरली की मोठी बॅटरी गेली, आता लाखभर तरी खर्च. शोध घेतला तर गेली होती ती साधी बारा व्होल्टची बॅटरी, जी कुठल्याही गाडीत असते. हायब्रिडमध्ये ती इंजिन फिरवत नाही, पण सगळे कॉम्प्युटर तिच्यावर जागे होतात. ती झोपली की शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मुकी. बॅटरी बदलली, गाडी निघाली. चर्चा मात्र मोठ्या बॅटरीचीच राहिली, आणि पाचूबंदरपर्यंत पोचली तीही तशीच.

पण मामांच्या गैरसमजापेक्षा भाच्याचा गैरसमज अधिक महागात पडेल असा आहे. "मामा, तुमच्या गॅस-पेट्रोलसारखंच आहे हे. एक बंद पडलं तर दुसरं." तसं नाही. गॅस आणि पेट्रोल एकमेकांना पर्याय आहेत. इंजिन एकच, त्याला काय पाजायचं एवढाच प्रश्न. हायब्रिडमध्ये इंजिन आणि मोटर भागीदार आहेत, आणि भागीदारीत एक मेला की दुसरा धंदा रेटू शकत नाही. एवढीशी बॅटरी गाडीला फार तर रस्त्याच्या कडेला नेईल. तेवढ्यालाही किंमत असते, हे खरं. 2024 मध्ये टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा पिकअप आणि लेक्ससचं एक मॉडेल मिळून एक लाखाच्या वर गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात भाग तासताना राहिलेला धातूचा चुरा इंजिनात असण्याची शक्यता होती आणि धावती गाडी बंद पडू शकत होती. त्या वेळी हायब्रिड टुंड्रा यादीतून वगळल्या गेल्या, कारण इंजिन थांबलं तरी मोटरच्या जोरावर त्या थोडंफार सरकू शकत होत्या. महामार्गाच्या मधल्या लेनमधून बाहेर निघायला ते 'थोडंफार' जीव वाचवणारं आहे. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारापर्यंत पोचायला नाही.

व्यापारी मालाची हायब्रिड पिकअप पाचूबंदरच्या रस्त्यावर अजून आलेलीच नाही. टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये भारतात आली ती डिझेलवर, तीसेक लाखांच्या पुढच्या किमतीला. त्या हौद्यात बोंबील भरायचा धीर कुणाला होणार? युरोपात तिलाच 48 व्होल्टची छोटी मोटर जोडून विकतात. आपल्याकडे दीड दशकापूर्वी महिंद्राने स्कॉर्पिओत सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय 'मायक्रो हायब्रिड' म्हणून आणली होती. या जातीच्या सोयीचं अनेक मालकांनी काय केलं? पहिल्याच आठवड्यात तिचं बटण शोधून ती बंद केली, सेल्फ लवकर जाईल म्हणून. सरकारचंही हायब्रिडबद्दल एकमत नव्हतं. विजेच्या गाड्यांसाठीच्या 2015 च्या फेम योजनेत सौम्य हायब्रिड मोटारींना सवलत मिळाली, 1 एप्रिल 2017 पासून ती काढून घेतली. गिऱ्हाइकाने बिचकू नये तर काय करावं!

अमेरिकेत मात्र पिकअपमालकांचा हायब्रिडचा अनुभव आता काही वर्षांचा झाला आहे, आणि त्यांची मतंही काही पाहण्यांतल्या आकड्यांवर बनलेली नाहीत. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये हिमवादळाने वीज गेली, तेव्हा फोर्डच्या एफ-150 हायब्रिडवाल्यांनी दारात उभ्या गाडीतून वायर ओढून घरातले दिवे आणि हीटर चालवले. त्या पिकअपमधून 7.2 किलोवॉटपर्यंत वीज काढता येते. ज्याच्या घरात त्या रात्री उजेड होता तो मालक पुढे सॉफ्टवेअरच्या तक्रारी पोटात घालतो. ज्याची गाडी त्याच वेळी वर्कशॉपमध्ये भाग येण्याची वाट बघत उभी होती तो जन्मभर शिव्या देतो. गाडी एकच, कारखाना एकच. पाचूबंदर काय आणि टेक्सास काय, भरवसा वाटतो की नाही हे ज्या दिवशी खरी अडचण होती त्या दिवशी गाडीने काय केलं यावर ठरतं. बाकीचे तीनशे दिवस कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

पण पाचूबंदरचा स्वतःचा एक शत्रू आहे, आणि तो पाहायचा तर गाडीखाली शिरावं लागतं. पावसाळ्याच्या बंदीत मेस्त्रीने मालकांची पिकअप जॅकवर घेतली त्या दिवसाचं दृश्य बघण्यासारखं होतं. वरून पाहिलं तर गाडी झकास, रंग चकचकीत. खाली हौद्याच्या सांध्यांतून ओघळलेल्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणी, त्यात बर्फाचं पाणी, त्यात समुद्राचं मीठ. हे मिश्रण प्रत्येक फेरीत थेंबथेंब चेसीवर, सायलेन्सरवर, ब्रेकच्या नळीवर पडत असतं. मेस्त्रीने तारेचा ब्रश घेऊन सिलिंडर धरणारा पट्टा घासायला घेतला. रंगाचा पोपडा उडाला, खाली पत्र्याचे पापुद्रे, आणि बोल्टच्या खालचा वॉशर बोटाने दाबल्यावर चुरा होऊन हातात आला. सिलिंडरमध्ये गॅस 200 बार दाबाने भरतात. दर तीन वर्षांनी त्याची पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते ती उगाच नाही. मेस्त्रीने पट्टा बदलला, नळीचे क्लिप बदलले, आणि मग वापरलेल्या काळ्या ऑइलमध्ये थोडं डिझेल मिसळून चेसीवर फवारलं. ते जमिनीवर गळतं, पर्यावरणाच्या दृष्टीने भयंकर आहे, आणि बंदरावर जवळजवळ प्रत्येक जण ते करतो.

ब्रश घासताघासता मेस्त्री म्हणाला, "गॅसची नळी गंजली तर मी बदलतो. त्या हायब्रिडच्या भगव्या वायरीला हात लावायची माझी हिंमत नाय." जास्त दाबाची वीज वाहणाऱ्या वायरी ओळखू याव्यात म्हणून त्यांना नारिंगी वेष्टण असतं, आणि त्यांच्यासाठी वेगळे हातमोजे, वेगळं शिक्षण लागतं. मेस्त्रीची धास्ती अडाणी नव्हती. कॅनडात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. तिथल्या टोयोटा आरएव्ही4 हायब्रिडच्या मागच्या मोटरकडे जाणारी जाड केबल आणि तिचा जोड उघड्यावर होता. 2019 नंतरच्या काही गाड्यांत तो जोड मिठाने खाल्ला. दुरुस्तीचा खर्च ऐकून मालक हादरले, आरडाओरडा झाला, आणि शेवटी कंपनीने त्या केबलची वॉरंटी वाढवून दिली. इंजिन उत्तम होतं, बॅटरी उत्तम होती, मोटर उत्तम होती. वर्षातले चार महिने मिठात चालणाऱ्या गाडीचं हे झालं. पाचूबंदरच्या हौद्यातून मीठ दहा महिने गळतं, आणि उरलेले दोन महिने खारा वारा असतोच.

रस्त्याचं पारडं मात्र हायब्रिडच्या बाजूने झुकतं, हे मालकही मान्य करतात. महामार्गावर सिमेंटचा थर टाकण्याचं काम चालू असताना 2024 मध्ये ससूनवघर, नायगावपासून घोडबंदरपर्यंत ज्या रांगा लागल्या त्यांत इंजिनं तासन्‌तास रिकामी फिरली, रेडिएटर उकळले. ज्या गाडीचं इंजिन थांबल्यावर आपोआप बंद होतं ती तिथे राणीसारखी राहिली असती. 20 फेब्रुवारी 2024 ला वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली आणि रस्त्याने जवळपास 38 किलोमीटरचा फेरा खाडीतून काही मिनिटांवर आला. तेव्हापासून काही फेऱ्या तिथूनही होतात. पण बाजाराचं घड्याळ आणि फेरीबोटीचं घड्याळ यांचा मेळ रोज बसत नाही.

यंदाच्या बंदीत भाच्याने मामांना आग्रहाने एका शोरूमला नेलं. हायब्रिड पिकअप नव्हतीच. विजेवरचा छोटा टेम्पो उभा होता. विक्रीचा मुलगा हुशार, नम्र. त्याने दर किलोमीटरचा खर्च सांगितला, सबसिडी सांगितली, बॅटरीची वॉरंटी सांगितली. हायक्रॉसच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर देतात, ही माहिती भाच्याने मध्येच पुरवली. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग त्या मुलाला विचारलं, "हौदा धुतला की पाणी कुठून खाली जातं?"

मुलगा गोंधळला. मामा खाली वाकले, मोबाइलचा टॉर्च लावला. मुलानेही इस्त्रीचा शर्ट सांभाळत मान खाली घातली. हौद्याच्या मागच्या कोपऱ्यात निचऱ्याचं भोक होतं, आणि त्याच्या सरळ रेषेत, हातभर पुढे, नारिंगी केबलचा जोड.

"हा बंद आहे सर, पाणी जात नाही. टेस्टिंग झालेलं असतं."

"पाणी नाय रे बाळा. मीठ. गंज वॉरंटीत बसतो का?"

मॅनेजरला बोलावणं गेलं. त्याने पुस्तिका काढली, एक पान वाचलं, मागचं वाचलं, आणि कंपनीला मेल टाकून कळवतो म्हणाला. मामांनी त्याला स्वतःचा नंबर लिहून दिला, व्हॉट्सॲपवर टाका म्हणाले. भाचा परतीच्या वाटेवर चिडलेला होता. अशाने आयुष्यात नवीन काही घ्यायला नको, हे त्याने दोनदा ऐकवलं. मामा म्हणाले, घेणार नाही असं मी कुठे म्हटलं? निचऱ्याचं भोक दुसरीकडे करून दिलं, अंगावर आलं तर उघडून बघायला वसईत माणूस ठेवला, आणि बिघडल्या दिवशी बदली गाडी दिली, तर उद्या हप्ता बांधतो.

उत्तर यायचं आहे. तोवर त्यांनी आपल्या गॅसवाल्या पिकअपच्या हौद्याला आतून फायबरचं अस्तर मारून घेतलं, सांधे बुजवले, आणि फाळक्याखाली एक नळी बसवून सगळं पाणी चेसीच्या बाहेर काढलं. खर्च बराच झाला. बंदरावरचे आणखी दोघे-तिघे येऊन ती नळी बघून गेले, आणि मेस्त्रीने प्रत्येकाला वेगळा भाव सांगितला.